काळा डाग नाही, म्हणून बुरशी नाही?

काळ्या बुरशीचा २०२१ मधला तो मेसेज पुन्हा फिरतोय, आणि या खेपेस निफाडच्या मावशीपर्यंत पोचलाय. मावशीला मधुमेह. वरच्या दोन दाढा अचानक हलायला लागल्यात, त्या बाजूचा गाल बधिर. तरी ती म्हणते, "तोंडावर डाग कुठंय? डाग नाही तर काळजी नाही, असं लिहिलंय त्यात." दाढा राहिल्या बाजूला, हिनं घरातले कांदे फेकून दिले!

कारण मेसेज म्हणतो, कांद्याच्या सालीवरची काळी पूड म्हणजेच ही बुरशी. साफ खोटं. ती असते अ‍ॅस्परजिलस नायजर ही वेगळीच बुरशी. म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार, होतो म्युकोरेल्स गटातल्या बुरश्यांनी, बहुतेकदा रायझोपसने. सालीनं तो होत असता तर लासलगावात कांदा निवडणाऱ्या बायांपैकी कोण वाचलं असतं? शिळ्या पावावर रायझोपस वाढतो, एवढं मान्य. बुरशी आलेलं अन्न टाकावंच.

पण जीवावर बेतणारं वाक्य आहे ते डागाचं. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, रक्तपुरवठा तुटतो, मांस मरतं आणि मग काळं पडतं. म्हणजे डागाची वाट बघणं म्हणजे मांस मरायची वाट बघणं. त्याआधी ती भलत्याच रूपात येते. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या (नाकाशेजारच्या हाडातल्या पोकळीच्या) तळाला लागून असतात, त्यामुळे सायनसमधली बुरशी जबड्यात उतरली की चांगले दात हलतात आणि माणूस दातांच्या डॉक्टरकडे जातो. मे २०२१ मधली आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) सूचना काढून वाचा: दातदुखी, दात हलणं, एका बाजूचा चेहरा दुखणं किंवा बधिर होणं, एकाचे दोन दिसणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त, हे सगळं त्यात आहे. फुफ्फुसात शिरली तर चेहऱ्यावर काहीच दिसणार नाही.

मधुमेहात हिरड्यांच्या आजारानंही दाढा हलतात, मावशीचं तेच निघेल कदाचित. पण ते तपासून ठरवायचं, मोबाइल बघून नव्हे.

आणि मेसेजमधला उपाय, तुरटी, हळद, सैंधव आणि मोहरीचं तेल? यावर शाई तरी किती घालवायची. उपचार म्हणजे अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीविरोधी औषध आणि मेलेला भाग कापून काढणं. एकाचा दुसऱ्याला होतो, हेही खोटं.

मेसेजमधलं 'साखर ताब्यात ठेवा' हे एक वाक्य तेवढं बरोबर आहे. तेव्हा मावशी, आज रक्तातली साखर तपास, आणि उद्या नाशिकला ये. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवू, ते म्हणाले तर सायनसचा सीटी स्कॅनही करू.