‘मोठे डॉक्टर सोमवारी येतील’ म्हणून लकव्याचा रुग्ण घरी ठेवू नका

सलग सुट्ट्या आल्या की व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरू लागतो. सुट्टीत न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे मेंदूविकारांचे तज्ज्ञ, नसतात, सगळा कारभार शिकाऊ डॉक्टरांवर असतो; म्हणून लकवा आला तर भरतीची घाई करू नका, सोमवारपर्यंत थांबा, नाहीतर वाटेत कुठेही न दाखवता थेट पुण्या-मुंबईला न्या. तोवर बोटांना सुई टोचून रक्त काढा. लोक हा मजकूर काळजीपोटी पुढे पाठवतात, पण तो ऐकणाऱ्याचा हात, पाय, वाचा कायमची जाऊ शकते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सोमवारपर्यंत थांबून काय बिघडतं? लकव्यात मेंदूची मोठी रक्तवाहिनी रक्ताच्या गुठळीने बंद झाली की दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्या साडेचार तासांतही जितकं लवकर तितका गुण जास्त. सोमवारी मोठे डॉक्टर येतील, पण हे इंजेक्शन देण्याची वेळ केव्हाच टळलेली असेल.

सुट्टीत दाखल झालेले रुग्ण जास्त दगावतात, हा दुसरा मुद्दा. तो हवेतून आलेला नाही. कॅनडातल्या २००७ च्या एका अभ्यासात शनिवार-रविवारी दाखल झालेल्यांत मृत्यू जास्त आढळले होते. पण इंग्लंड आणि वेल्समधल्या १९९ रुग्णालयांतल्या ७४ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद तपासून २०१६ साली जे प्रसिद्ध झालं, त्यात शनिवार-रविवारच्या रुग्णांचं तीस दिवसांनंतरचं जगण्याचं प्रमाण इतर दिवसांच्या दिवसा-संध्याकाळइतकंच होतं. कमी होतं ते सोमवार ते शुक्रवारच्या रात्री आलेल्यांचं. शिवाय ही सगळी तुलना रुग्णालयात पोचलेल्यांची आपापसातली आहे. घरी थांबावं, असं तिच्यातून कुठेच निघत नाही.

खरा मुद्दा तिसरा: मोठे डॉक्टर नसतील तर तिथे उपचार कसले? इंग्लंडमधल्या १०३ स्ट्रोक युनिटचा, म्हणजे लकव्याच्या रुग्णांसाठीच्या खास वॉर्डांचा, अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ आठवड्याचे सातही दिवस राउंड घेतात की नाही, याचा मृत्यूच्या प्रमाणाशी ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो शनिवार-रविवारी किती नर्स आहेत याच्याशी. दहा खाटांमागे दीड नर्स असेल तिथे तीस दिवसांतल्या मृत्यूचा अंदाज १५.२ टक्के, तीन असतील तिथे ११.२. असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत, हे मान्य. पण ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या १९ युनिटमध्ये रीतसर चाचणीच झाली. त्यांतल्या काही युनिटमध्ये ताप, साखर आणि गिळण्याची क्षमता या तीन गोष्टी नर्सनी ठरलेल्या पद्धतीने सांभाळल्या. नव्वद दिवसांनंतर मृत किंवा परावलंबी असलेले रुग्ण तिथे ४२ टक्के होते, नेहमीच्या पद्धतीत ५८. पाण्याचा एक घोट फुप्फुसात गेला तरी न्यूमोनिया होऊ शकतो. तो घोट अडवणारी सिस्टर रविवारी रात्रीही वॉर्डात असते. तिच्या कामाची इतकी कमी चर्चा होते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इंजेक्शनचंही तसंच. हिमाचल प्रदेशात २०१४ पासून सीटी स्कॅन असलेल्या जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयांत प्रशिक्षित फिजिशियन शिमला आणि टांडा इथल्या न्यूरोलॉजिस्टशी मोबाइलवर बोलून हे इंजेक्शन देऊ लागले. तज्ज्ञ खाटेशेजारी नव्हता, फोनवर होता.

थेट शहरात नेण्याच्या सल्ल्यात एक अंश खरा आहे. मोठी गुठळी रक्तवाहिनीत नळी घालून काढायला कॅथलॅब, म्हणजे त्यासाठीची खास खोली, आणि तयार हात लागतात, आणि निवडक रुग्णांत ते २४ तासांपर्यंतही करता येतं. पण गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटीशिवाय कळत नाही. जवळ सीटी असेल तर तो तिथेच काढून, इंजेक्शन देता येत असेल तर देऊन, मग पुढे पाठवणं शहाणपणाचं. सीटी नसलेल्या दवाखान्यात मात्र वेळ घालवू नये.

सुईने बोटं टोचल्याने मेंदूतली गुठळी हलत नाही. सीटीआधी घरी ॲस्पिरिनही देऊ नका. रक्तस्राव असेल तर ती घातक ठरेल. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळलेलं, यातलं एकही अचानक दिसलं तर १०८ ला फोन करा आणि रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा. रुग्णालयाला फोन कराल तेव्हा ‘मोठे डॉक्टर आहेत का’ याऐवजी ‘सीटी आत्ता चालू आहे का, गुठळीचं इंजेक्शन देता का’ हे विचारा.