‘शहरातलं ज्ञान खेड्यात चालत नाही’ : स्कूटरच्या बॅटरीवरील प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी टिकवायची तर ऐंशी टक्क्यांवर चार्जर काढा, असं मी माझ्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘ऐंशी टक्क्यांवर चार्जर काढा म्हणणं सोपं आहे. आमचं गाव तालुक्यापासून 28 किलोमीटर. लाइनचा भरवसा नाही. दुपारी आली की लावतो, फुल करून ठेवतो. ट्रॅक्टरची बॅटरी अशीच सांभाळली. शहरातलं ज्ञान खेड्यात चालत नाही.’

ऐंशी टक्क्यांबद्दल तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. तुमची गाडी फुल चार्जवर 75 किलोमीटर चालते म्हणता. ऐंशी टक्क्यांत झाले 60, आणि जाऊन-येऊन लागतात 56. मागे युरियाची 45 किलोची गोणी असली, समोरून वारा असला, तर गाडी गावाच्या अलीकडेच थांबणार. मी स्वतः दारव्ह्याकडच्या खेड्यात राहतो. हा हिशेब मी आधीच करायला हवा होता.

पण ‘फुल करून ठेवतो’ यातल्या ‘ठेवतो’पाशी मी अडतो. फुल करणं वेगळं, फुल करून ठेवणं वेगळं.

ट्रॅक्टरची आणि साध्या इन्व्हर्टरची बॅटरी लेड-अ‍ॅसिडची. ती अर्धवट चार्जवर पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो आणि ती बाद होते. तिला भरलेली ठेवायची ही तुमची सवय तिच्यापुरती अगदी खरी आहे. स्कूटरच्या लिथियम बॅटरीचा स्वभाव उलटा. बऱ्याच गाड्यांत असलेला एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टचा) लिथियम सेल पूर्ण भरला की 4.2 व्होल्टवर जातो. त्या ताणात आतलं द्रावण हळूहळू फुटत जातं, ग्रॅफाइटवरचा थर जाड होतो आणि त्या थरात अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. उष्णतेत हेच फार वेगाने होतं. भरलेली बॅटरी पुण्यातल्या घरात थंडीत ठेवली तर एवढं बिघडत नाही. आपल्याकडे मे महिन्यात टिनाखाली ठेवली तर बिघडतं. म्हणजे ही काळजी शहरापेक्षा आपल्यालाच जास्त घ्यावी लागते.

मी हे भोगलं आहे. पहिले दोन उन्हाळे दुपारी उन्हातून यायचो, गाडी टिनाच्या खोलीत लावून लगेच चार्जर जोडायचो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ती फुल उभी असायची. 70 किलोमीटर चालणारी गाडी तिसऱ्या वर्षी 55 वर आली. गेलेलं परत येत नाही.

आता करायचं काय? दुपारी आल्यावर तासभर गाडी निंबाखाली किंवा ओसरीत निवू द्या. बहुतेक सेल 45 अंशांपर्यंतच चार्ज करायचे असतात, आणि नवतप्यात अकोला-चंद्रपूरकडे बाहेरची हवाच तिथवर पोचते. जमेल तेव्हा चार्जिंग रात्री नाहीतर पहाटे करा. संध्याकाळी साठ-सत्तर टक्के आणि उरलेलं पहाटे निघण्याआधी, हे सगळ्यात चांगलं. पहाटे लाइन राहील याची खात्री नसेल आणि तालुक्याला जायचंच असेल, तर रात्रीच फुल करा. एका रात्रीने बॅटरी मरत नाही. चार दिवस जायचं नसेल तर मात्र निम्म्यावर ठेवा.

लाइन तीनदा गेली तर तुकड्या-तुकड्याने झालेल्या चार्जिंगने नुकसान होतं का, असंही तुम्ही विचारलंत. नाही होत. लिथियमला अर्धवट चार्जिंगची सवय लागत नाही. उलट तळापर्यंत संपवून मग भरण्यापेक्षा थोडं-थोडं भरणं तिला मानवतं. शून्यावर आणून आठवडाभर सोडून देणं सगळ्यात वाईट, कारण आतला बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट) थोडी-थोडी वीज पीतच राहतो. फार खाली गेलेली बॅटरी चार्जर घेत नाही. तेव्हा कोणी ‘बाहेरून करंट देऊन उठवतो’ म्हणाला तर त्याच्याकडे बॅटरी देऊ नका. त्यात आग लागू शकते.

मला खरी काळजी तुमच्या बोर्डाची वाटते. सैल सॉकेट, वरून लोंबणारी एक्स्टेन्शन वायर, अर्थिंग नाही, अशी परिस्थिती आपल्या बऱ्याच घरांत असते. चार्जिंग चालू असताना पिनेला हात लावून पाहा. चटका बसण्याइतकी तापत असेल तर आधी सॉकेट बदला. मृगात विजा कडाडायला लागल्या की चार्जर काढून ठेवा. घराच्या एकुलत्या एक दाराच्या वाटेत रात्री चार्जिंगला लावू नका. आणि चार्जर बिघडला तर गाडीसोबतचाच मागवा. लेड-अ‍ॅसिडचा चार्जर पिन बसते म्हणून लिथियमला जोडायचा नाही.

एक गोष्ट तुमच्याकडून हवी आहे. बॅटरीवरचं स्टिकर किंवा गाडीचं पुस्तक पाहून सेल कोणता आहे ते कळवा. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेटचा सेल) असेल तर आठवड्यातून एकदा फुल चार्ज करणं चांगलंच, कारण त्याचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतो आणि किती टक्के उरले याचा अंदाज बीएमएसला भरल्यावरच नीट लागतो. नाहीतर स्क्रीनवर वीस टक्के दिसत असताना गाडी बंद पडते. मूळ लेखात हा फरक मी केलाच नव्हता. ऐंशी टक्क्यांचा परिच्छेद आज काढला आहे. तुमचं उत्तर आलं की तो नव्याने लिहितो.