दुसऱ्या प्रकारच्या स्रावयंत्रणेकडेही लक्ष हवे

जिवाणू आपली प्रथिने ज्यांतून बाहेर सोडतात, त्या स्रावयंत्रणांवरील आपल्या लेखात, प्रथिने थेट रोपाच्या पेशीत टोचणाऱ्या तिसऱ्या प्रकारालाच रोगकारक जिवाणूंचे मुख्य हत्यार मानले आहे. परंतु आमच्या खानापूर भागातील भातावर येणारा कडा करपा पाहता प्रथिने रोपाच्या पेशींबाहेरच सोडणाऱ्या दुसऱ्या प्रकाराची उपेक्षा मला पटत नाही. भातावर रोग आणणाऱ्या झांथोमोनास ओरायझी या जिवाणूच्या दोन्ही उपप्रकारांकडे या दोन्ही यंत्रणा आहेत. तरीही करपा आणणारा एक पानाच्या कडेच्या जलरंध्रांतून शिरून जलवाहिन्यांत पसरतो, तर दुसरा पर्णरंध्रांतून जाऊन शिरांमधल्या भागातच राहतो व तेथे रेषा उमटवतो. करप्याच्या पानाचा ताजा तुकडा कापून स्वच्छ पाण्यात धरला, की कापलेल्या कडेतून दुधट धागा उतरतो, तो या वाहिन्यांत दाटलेल्या जिवाणूंचाच. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, दुसऱ्या प्रकारच्या यंत्रणेतून बाहेर पडणाऱ्या, सेल्युलोज तोडणाऱ्या एका विकराचे (एन्झाइमचे) जनुक मिळताच झांथोमोनासचा एरवी वाहिन्यांबाहेर राहणारा प्रकार वाहिन्यांत पसरू लागला, ही बाब लेखात यायलाच हवी होती. तिसऱ्या यंत्रणेतून रोपात शिरणारी प्रथिने भाताची साखर वाहून नेणारी ‘स्वीट’ जनुके चालू करतात, म्हणजे रोपच जिवाणूला पोसू लागते. सुधारित सांबा मसुरी या करपा-प्रतिकारक भातवाणातील एक्सए १३ हे जनुक नेमके तेथेच आड येते. प्रतिकारक वाण निवडणाऱ्या शेतकऱ्याला यंत्रणेच्या नावापेक्षा तिच्यातून काय बाहेर पडते, हे कळणे अधिक गरजेचे आहे.