काकू, उतारा वाचायचा नसतो

"तुम्हाला सोपा मजकूर समजण्यात अडचण येते. प्राथमिक पातळीपासून सुरुवात करावी."

हे काल संध्याकाळी सव्वासहा वाजता माझ्या मोबाइलवरच्या परीक्षेच्या सराव-ॲपवर उमटलं. इंग्रजीत उमटलं, पण मला ते बरोबर समजलं, म्हणजे तिथेच ते खोटं ठरलं होतं. शेजारी एक पिवळा रडका चेहरा होता. तो पाठवायची काही गरज नव्हती.

मी 24 वर्षं मुद्रितशोधक आहे. वाचणं हेच माझं पोटापाण्याचं साधन. कादंबऱ्या, पाठ्यपुस्तकं, संस्थांचे वार्षिक अहवाल, बाटलीवरच्या बारीक टायपातल्या सूचना, ज्या लिहिणाऱ्यानेही पुन्हा वाचल्या नसतील अशा मजकुराची मी तीन-तीन प्रुफं वाचली आहेत. आणि मला सोपा मजकूर समजत नाही.

वयाच्या 47व्या वर्षी भाषाशास्त्रात एम.ए. करायचं खूळ डोक्यात शिरलं. त्याला प्रवेश परीक्षा, आणि त्या परीक्षेत इंग्रजी सक्तीचं: उतारे, शब्दसंपत्ती, व्याकरण. घरी अभ्यास होईना म्हणून अभ्यासिका धरली. पहिल्या दिवशी मी दारातून आत आले तेव्हा दोन मुलांनी घाईघाईने मोबाइल वहीखाली सारले. मी त्यांच्यासारखीच परीक्षार्थी आहे हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ती सहानुभूती होती. त्यापेक्षा भीती बरी होती.

तर कालचा उतारा. एक म्हातारा घड्याळजी. तीस वर्षांपूर्वी विकलेलं एक भिंतीवरचं घड्याळ कुणीतरी दुरुस्तीला आणून टाकतं आणि नाव न सांगता निघून जातं. घड्याळजी ते उघडतो, तर लंबकामागे घडी घातलेला कागद. तो चष्मा पुसतो, घडी उलगडतो. "अक्षर तिचंच होतं." आणि उतारा संपला. खाली लगेच प्रश्न पहिला.

मी खाली स्क्रोल केलं, वर केलं, पुन्हा खाली केलं. पुढचं काहीच नव्हतं. कागदात काय होतं? घड्याळ आणून देणारा कोण? हे असं मध्येच सोडून देणाऱ्या माणसाला माझ्याकडे पाठवलं असतं तर मी समासात मोठं प्रश्नचिन्ह काढून हस्तलिखित परत केलं असतं. परीक्षकाला त्या चिठ्ठीचं सोयरसुतक नव्हतं. त्याला हवं होतं: 'शेवटच्या ओळीतलं तिचं हे सर्वनाम कुणासाठी आहे?' अ) पत्नी, ब) मुलगी, क) गिऱ्हाईक, ड) सांगता येत नाही.

मी अ वर टिचकी मारली. उगाच नाही मारली. दुसऱ्या परिच्छेदात तो घड्याळजी रोज सकाळी दोन खुर्च्या पुसतो आणि एकीवरच बसतो. एवढं सांगून लेखक गप्प बसलाय, म्हणजे आपण समजून घ्यायचं असतं. याला वाचन म्हणतात.

उत्तर ड होतं.

"काय झालं काकू?" शेजारच्या टेबलावरून आवाज आला.

हा मुलगा रोज तिथेच बसतो. अठराचा असेल. एका कानात इअरफोन, दुसरा लोंबकळत, बोटांवर पेन गरगर फिरवत. पेन त्याने कागदावर टेकवलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. बहुधा मी तोंडाने काहीतरी बोलले असणार, कारण समोरची मुलगीही वर बघत होती.

मी त्याला सगळं सांगितलं. घड्याळ, खुर्च्या, लंबक, कागद. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण काकू, तुम्ही उतारा वाचलात कशाला?"

"म्हणजे?"

"उतारा वाचायचा नसतो."

हे त्याने उद्धटपणे सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तो अगदी काळजीने सांगत होता. रस्ता चुकलेल्या माणसाला आपण सांगतो ना, अहो इकडून नाही, तसं.

"आधी प्रश्न बघायचे. मग पर्याय. पर्यायात कायम, कधीच नाही, फक्त, सर्व असं काही असलं की ते कटाप. काही, बहुधा, कदाचित असं असलं की ते ठेवायचं. दोन पर्याय एकमेकांच्या उलटे असले तर त्यातलाच एक बरोबर. आणि काहीच सुचलं नाही तर सगळ्यात लांब पर्याय."

"लांब का?"

"खरं बोलायला जास्त शब्द लागतात काकू. खोटं कसं, झटकन सांगता येतं."

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं, तेही आता इथे कबूल करते.

"आणि हे लेखकाचा सूर कोणता, म्हणून विचारतात, ते?" मी आता शिष्येच्या भूमिकेत गेले होते, नकळत.

"सावधपणे आशावादी."

"कुठल्या उताऱ्यात?"

"कुठल्याही. हिमनद्या वितळू देत, भाषा मरू देत, मधमाश्या संपू देत. लेखक सावधपणे आशावादीच असतो. संतप्त हा पर्याय तुम्हाला फसवायला ठेवलेला असतो. परीक्षेत संतप्त लेखकाचा उतारा घेतच नाहीत."

मग त्याने माझा मोबाइल मागितला, तोच संच पुन्हा सुरू केला आणि अंगठ्याने सरासर खाली गेला. उतारा त्याच्या अंगठ्याखालून असा निघून गेला, जसं स्टेशनवर न थांबणाऱ्या गाडीतून गाव निघून जातं. 10 पैकी 9. मला त्याच संचात 4 होते. सगळं मिळून दोन मिनिटं. आता पडद्यावर पिवळा चेहरा हसत होता, माझ्याच मोबाइलवर.

मी म्हटलं, "बरं, मग ते घड्याळ कुणाचं असेल असं वाटतं तुला?"

तो म्हणाला, "कुठलं घड्याळ?"

मी इअरफोनकडे बघितलं, की याने माझं आधीचं ऐकलं नसेल म्हणून. तसं नव्हतं. त्याने ऐकलं होतं, आणि मग कामाचं नाही म्हणून टाकून दिलं होतं.

रात्री चिडून मी या पर्यायवाल्या प्रश्नांचं मूळ शोधलं. फ्रेडरिक केली नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने 1915च्या सुमारास कॅन्सस सायलेंट रीडिंग टेस्ट नावाची चाचणी काढली, मूकवाचनाची. एकच शिक्षक एकाच तऱ्हेच्या उत्तराला कधी एवढे तर कधी तेवढे गुण देतो, ही त्याची तक्रार होती आणि ती रास्तच होती. म्हणून त्याने ज्यांचं उत्तर एकच निघेल असेच प्रश्न घातले. तपासणाऱ्याने विचार करायचा नाही, म्हणजे भेदभाव होणार नाही. पुढे वाचणाऱ्यानेही विचार करणं सोडलं, हा मात्र माझा शेरा आहे, केलीसाहेबांचा दोष किती ते माहीत नाही.

त्याहून मला झोंबली ती गाळलेल्या जागांची गोष्ट. उताऱ्यातले ठरावीक अंतरावरचे शब्द खोडायचे आणि ते ओळखायला लावायचे, याला क्लोझ म्हणतात. विल्सन टेलर यांनी 1953 साली ही पद्धत मांडली ती मजकूर किती वाचनीय आहे हे मोजायला. मजकूर! वाचकांना जागा भरता आल्या नाहीत, तर लिहिलेलं अवघड आहे, असा हिशेब. म्हणजे मूळ नियमाने गेल्या आठवड्यात 20 पैकी 7 गुण मिळाले ते त्या उताऱ्याला, मला नव्हे. हे मी घरात मोठ्याने जाहीर केलं. नवरा म्हणाला, "बरं." त्याला सगळ्याला बरंच म्हणायचं असतं.

मी म्हटलं, "हल्ली तू फार टॅसिटर्न झाला आहेस."

त्याने पेपर खाली ठेवला. "डॉक्टरांना दाखवायचं का?"

टॅसिटर्न म्हणजे अबोल. रोज रात्री असे 30 शब्द पाठ करायचे असं मी वेळापत्रक केलंय, आणि पाठ झालेला शब्द घरात वापरून बघायचा. त्यामुळे घरातल्यांना आपापले दुर्गुण इंग्रजीत कळू लागलेत. शब्द मात्र राहत नाहीत. हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, स्वतःच विसरला आणि 1885 साली विसरण्याचा आलेख छापला: तासाभरातच निम्म्याहून जास्त गळून जातं. त्याची अक्षरं निदान निरर्थक होती. माझ्या यादीत सँक्शन आहे. त्याचा अर्थ मंजुरी. आणि त्याचाच अर्थ निर्बंध. हा शब्द समानार्थी शब्दांच्या प्रश्नात आला तेव्हा मी बाटलीभर पाणी प्यायले.

व्याकरणात तरी धंद्याचा फायदा होईल असं वाटलं होतं. वाक्याचे चार तुकडे देतात आणि चूक कुठल्या तुकड्यात ते विचारतात. म्हणजे प्रूफच. पण पाचवा पर्याय असतो 'नो एरर'. 24 वर्षांत माझ्या टेबलावर निर्दोष पान आलेलं नाही, मी त्या पर्यायाला हात लावणार कशी? चूक नसली की मी शोधते, शोधली की मिळते, आणि मग माझाच गुण जातो.

ती शब्दयोगी अव्ययं, म्हणजे त्यांची प्रिपोझिशनं, त्यांच्याबद्दल तर बोलूच नये. सकाळी, सोमवारी, रात्री. आपण शब्दाला एक ई लावतो आणि कामाला लागतो. तिकडे सकाळला 'इन', सोमवारला 'ऑन', रात्रीला 'ॲट', आणि कारण विचारलं की सांगतात, तशी पद्धत आहे. पद्धत आहे हे उत्तर मी एखाद्या लेखकाकडून कधी ऐकून घेतलं नाही.

आणि सगळ्यात लाज वाटली ती आर्टिकलची. 'युनिव्हर्सिटी'च्या आधी 'अ' की 'ॲन'? यू हा स्वर, म्हणून मी 'ॲन' दिलं. चूक. ज्या दारात शिरायचंय त्या दाराची पाटीसुद्धा मला धड वाचता येत नाही. खरं तर त्यांचा नियम अक्षरावर नाही, उच्चारावर चालतो, आणि उच्चार य पासून सुरू होतो. 'आवर'चं उलट, तिथे एच लिहायचा पण म्हणायचा नाही, म्हणून 'ॲन'. नंतर लक्षात आलं, मी हे शब्द देवनागरीत लिहिले असते तर चुकलेच नसते. युनिव्हर्सिटी: य, व्यंजन. आवर: आ, स्वर. समोर लख्ख दिसतंय. पण परीक्षेत देवनागरीत कच्चं काम केलं तर पर्यवेक्षक कॉपी समजायचा.

आज दुपारी ठरवून त्या मुलाच्या पद्धतीने बसले. एकही उतारा वाचायचा नाही. पर्याय बघायचे, 'कायम' उडवायचं, लांब दिसेल ते धरायचं. तो बाजूने धीर देत होता: "सोडा काकू, खाली बघू नका, सोडा."

सोडता येईना. मजकूर समोर आला की डोळे चालायलाच लागतात, मी काय करू? उतारा नदीतल्या वाळूवर होता, मला वाळूशी काहीही देणंघेणं नाही, तरी मी तिसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचले होते. 10 पैकी 3. दोन्ही पद्धतींचं वाईट तेवढं मी घेतलं होतं.

"तुम्ही वाचलंत," तो म्हणाला. दुखावला होता.

"नाही वाचलं."

"ओठ हलत होते काकू."

मग त्याने मोबाइल बाजूला ठेवायला लावला आणि समोर छापील सरावपुस्तक उघडलं. कागदावर एकाग्रता राहते म्हणे. तो सूर, शीर्षक, मध्यवर्ती कल्पना असं काहीतरी मन लावून समजावत होता आणि मला पान 64 दिसत होतं. 'रिसीव्ह'मध्ये आय आणि ई यांची अदलाबदल. खाली स्वल्पविराम नको तिथे. प्रश्न 12 नंतर थेट 14. हेच छापतात, आणि हेच मला सोपा मजकूर समजत नाही म्हणून सांगतात! मी पिशवीतून लाल पेन कधी काढलं ते मलाही कळलं नाही. अदलाबदलीची खूण, स्वल्पविरामावर काट, समासात '13 कुठे?'. पान उलटलं. 66 वर तर क्रियापदच एकवचनी. हात बरेच दिवसांनी मोकळा झाल्यासारखा चालत होता. चार पानं झाली असतील.

त्याचं बोलणं थांबलंय हे जरा उशिरा लक्षात आलं. त्याच्या बोटांवरचं पेनही थांबलं होतं.

"काकू," तो म्हणाला, "ते पुस्तक माझ्या ताईचं आहे. तिला परत द्यायचंय. हे खोडता येईल का?"

मी पान उजेडाकडे तिरपं करून बघितलं. पक्की शाई होती. मागच्या बाजूलाही उमटली होती.