रांगोळी म्हणालात म्हणून: ‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर

शॉकवेव्ह (ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी, दाबाची अचानक उडी असलेली लहर) हीलियमच्या बुडबुड्यावर आदळली की काय होतं, याच्या संगणकावरच्या सिम्युलेशनवर गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यासाठी जागेचे छोटे चौकोन पाडून प्रत्येकात वायूचं गणित करायचं, त्या चौकोनांना जाळी म्हणतात. त्याखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली. उत्तर त्या चौकटीत मावेना, म्हणून इथे लिहितो आहे. प्रतिक्रिया अशी (शुद्धलेखन आणि चौकोनी कंसातले खुलासे माझे):

“जाळी बारीक केली की शेपटीतले भोवरे बदलतात, मग हे विज्ञान कसलं, ही तर रंगीत रांगोळी. व्हिस्कॉसिटी [वायूचा चिकटपणा] घेतलेली नाही, पडदा [प्रयोगात हीलियमभोवती असलेला] धरलेला नाही, तिसरी मिती नाही. दुसऱ्या जाळीवरचे आकडे कुठे आहेत? शिवाय आर-22 [थंडावा करणाऱ्या यंत्रांतला वायू] हवेच्या चौपट जड नसतो. लोकांना चित्रं दाखवून भुलवू नका.”

आधी माझी चूक. आर-22 चौपट नव्हे, तिप्पट जड असतो. त्याचा रेणुभार साधारण 86.5, हवेचा सरासरी 29. भागाकार चौथीतल्या मुलालाही जमेल, मला त्या रात्री जमला नाही. आपण लक्षात आणून दिलंत, आभारी आहे. चूक दाखवली की मी मान्य करतो, हे इथल्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

आता रांगोळी.

टीकेचं मला काही वाटत नाही, पण ‘भुलवू नका’ हा शब्द कुणासाठी वापरायचा याचा थोडा विचार करावा. या ब्लॉगवर जाहिरात नाही, वर्गणी नाही. नोकरी सांभाळून, रात्री जेवणं झाल्यावर, लॅपटॉपचा पंखा घरघरत असताना मी हे करतो. यात भुलवून मला काय मिळायचंय? स्पष्टवक्ता सुखी होतो म्हणतात. ऐकणाऱ्याचं काय होतं ते कुणी सांगत नाही.

आणि चित्रांचंच म्हणाल, तर मी या विषयात आलो तेव्हा चित्रं नव्हतीच. 1993 साली एम.ई. करताना ‘सॉडची नळी’ नावाचं गणित सोडवलं होतं. नळीत मधे पडदा, एका बाजूला जास्त दाबाचा वायू, दुसऱ्या बाजूला कमी. पडदा काढला की काय होतं ते मोजायचं. विभागात एकच कॉम्प्युटर, 486, तो रात्री मिळायचा. फोरट्रानमधला प्रोग्राम लावून खाली चहाला जायचो. एकदा पहाटे वीज गेली आणि नऊ तासांची आकडेमोड गेली. पुन्हा लावली. निकाल डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, नुसते आकडे, भेंडोळंच्या भेंडोळं. ते जमिनीवर पसरून मी रंगीत पेन्सिलीने समान घनतेच्या रेषा काढायचो. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या कागदाकडे पाहून विचारलं, “ह्याचा उपयोग काय?” तीस वर्षांनी तोच सूर पुन्हा ऐकतो आहे, फक्त या वेळी टोपणनावाने.

बरं, मुद्दा. जाळी बदलली की भोवरे बदलतात, हे खरं आहे का? कुठले भोवरे, ते तुम्ही सांगितलेलं नाही, आणि सगळी गोम तिथे आहे.

हास आणि स्टर्टेव्हंट यांनी कॅलटेकमध्ये केलेला, 1987 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मी संगणकावर उतरवला होता. हवेत मॅक 1.22 ची, म्हणजे ध्वनीच्या 1.22 पट वेगाची शॉकवेव्ह, वाटेत 5 सेंटिमीटर व्यासाचा हीलियमचा दंडगोल. दाब आडवा ढकलत येतो, घनता मात्र बुडबुड्याच्या गोलाईबरोबर फिरते. पुढच्या आणि मागच्या टोकाला दाबाचा उतार आणि घनतेचा उतार एका रेषेत येतात, तिथे वायू नुसता ढकलला जातो. वर आणि खाली मात्र दोघांत काटकोन होतो आणि वायू गरगरायला लागतो, वरचा एका दिशेने, खालचा उलट. दोघांच्या मधून हवेची धार बुडबुड्यात घुसते, गोलाचा काजू होतो आणि शेवटी धार आरपार जाऊन दोन भोवरे सुटे होतात. ही एकूण गरगर किती, हे शॉकचा जोर, बुडबुड्याचा आकार आणि दोन वायूंच्या घनतेतला फरक ठरवतात. माझ्या जाळीला त्यात फारसं मत नाही.

बदलते ती त्या भोवऱ्यांच्या कडेवरची कुरळी नक्षी. मी वापरलेल्या, वायूच्या प्रवाहाच्या ऑयलरच्या समीकरणांत व्हिस्कॉसिटी नसते, त्यामुळे नक्षीने किती बारीक व्हावं याला तळ नाही. तो तळ जाळीच पुरवते. हे मी नाकारलंय कुठे? मूळ लेखात ‘बारीक तपशिलावर विसंबू नये’ असं वाक्य आहे, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. तिथवर वाचलं असतंत तर दिसलं असतं.

आकडे हवेत ना? प्रयोगात हवेतल्या शॉकचा वेग सेकंदाला 410 मीटर, हीलियममध्ये शिरलेल्या लहरीचा 900, आणि धारेचा 230. क्वर्क आणि कार्नी यांनी 1996 साली, गरज असेल तिथे आपोआप बारीक होणारी जाळी वापरून, हेच अनुक्रमे 422, 943 आणि 227 काढले. माझ्या लॅपटॉपवर पहिले दोन 420 आणि 940 च्या आसपास येतात. हीलियममध्ये वजनाने 28 टक्के हवा मिसळलेली धरली आहे, कारण प्रयोगातला हीलियमही शुद्ध नव्हता. रांगोळीला वेग नसतो.

खरं तर उपमा तुम्ही दिलीत, पण ती तुम्हालाच नीट पेलली नाही. ठिपक्यांची रांगोळी आठवा. 15 ते 8 ठिपक्यांच्या जागी त्याच अंगणात 29 ते 15 घातले, तर पाकळ्या बारीक होतील, नवे वेलबुट्टे निघतील. तुळशीवृंदावन आहे तिथेच राहील. मी वृंदावनाची जागा मोजतो आहे आणि तुम्ही वेलबुट्टे मोजून मला खोटं ठरवताय. (आमच्या आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, “29 ते 15 ला एवढं पीठ कोण आणणार?” तिचा आक्षेप तुमच्यापेक्षा व्यवहारी आहे.)

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. पडदा अर्ध्या मायक्रॉनचा होता, माझ्या जाळीचा चौकोन पाव मिलिमीटरचा, म्हणजे पडद्याच्या 500 पट. तो धरायचा कशात? व्हिस्कॉसिटीचा परिणाम एका मिलिसेकंदात हवेत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा पसरतो, हीलियममध्ये त्याच्या तिप्पट. शॉक तर अख्खा बुडबुडा मिलिसेकंदाच्या आठव्या हिश्श्याएवढ्या वेळात ओलांडून जातो. तिसरी मिती घेण्याएवढी मेमरी माझ्याकडे नाही. कुणी देणार असेल तर पत्ता कळवतो.

दुसऱ्या जाळीचं विचारलंत. चालवली होती, दुप्पट बारीक. शॉकचे वेग जागचे हलले नाहीत. धारेचा वेग थोडा हलला. तो तक्ता लेखात घातला नाही, कारण लेख आधीच लांबला होता आणि असल्या तक्त्यांपाशी लोक वाचणं सोडतात. सवड मिळाली की टाकेन. पण हा प्रश्न सरळ विचारता आला असता. ‘दुसऱ्या जाळीवरचे आकडे द्याल का?’ एवढं म्हटलं असतंत तर त्याच रात्री दिले असते.

पुढचा लेख आर-22 च्या बुडबुड्यावर आहे. त्यात ध्वनीचा वेग हवेपेक्षा कमी, म्हणून तो बहिर्वक्र भिंगासारखा वागतो आणि शॉकला मागच्या टोकापाशी एकवटतो. त्यातही रंगीत चित्रं असतील, आधीच सांगून ठेवतो.

मूळ लेखातला ‘चौपट’ आज सकाळी ‘तिप्पट’ केला आहे. तुमची प्रतिक्रिया मात्र तिथे होती तशीच ठेवली आहे, ‘रांगोळि’मधल्या ऱ्हस्व ‘ळि’सकट.