नाचणी बाळाला, नाचणी आजोबांना… आणि मधल्या बारा वर्षांच्या पोरीला काय?

गेल्या महिन्यात एका सकाळी किचनमध्ये एक गोष्ट पाहिली, तेव्हापासून ती डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय. वाढत्या मुलांच्या हाडांबद्दल आणि कॅल्शियमबद्दल आहे, पोस्ट मोठी होणारे, पण घरात दहा ते चौदा वयाचं मूल असेल तर प्लीज वाचा.

आमच्याकडे रोज दुधाच्या अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या यायच्या. माणसं सहा. सकाळचा चहा, दुपारचा चहा, सासऱ्यांचं रात्रीचं कपभर दूध, थोडं विरजणाला, मुलाचा ग्लास कारण त्याची दहावी, आणि उरलं तर सातवीतल्या लेकीचा. त्या दिवशी एक पिशवी नासली. मी गॅसपाशी होते, मागे वळून बघते तर लेक स्वतःच्या ग्लासातलं दूध दादाच्या ग्लासात ओततेय. म्हणाली, "राहू दे गं आई, त्याला क्लासला जायचंय, मी चहा घेते." सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, शहाणी झाली हो पोर. माझ्या मात्र पोटात धस्स झालं. कारण ते वाक्य माझं आहे, शब्द न शब्द माझा. लग्नाला १८ वर्षं झाली, दूध कमी पडलं की मी हेच म्हणत आलेय, आणि तिने ते न शिकवता उचललं.

मी ते माझ्या आईकडून उचललं. परळला चाळीत राहायचो, आरेच्या केंद्रावरून काचेच्या बाटल्या यायच्या, वर पातळ पत्र्याचं झाकण, त्याला चिकटलेली साय मी चाटायचे. आधी बाबा, मग भाऊ, मग मी, आणि आई कोरा चहा. आज आई ७१ वर्षांची आहे, पाठीत वाकलीय, दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरला तो थेट खुब्याचं हाड मोडलं. फक्त दूध न प्यायल्याने झालं असं मी म्हणणार नाही, हाडं ठिसूळ व्हायला बरीच कारणं असतात, पण हॉस्पिटलच्या त्या कॉटवर बसून मी जे वाचत गेले त्यानं माझी झोप उडाली.

मोठेपणी हाडात जेवढं खनिज, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम, असतं त्याच्या जवळजवळ ४० टक्के फक्त चार वर्षांत भरलं जातं, मूल झपाट्याने उंच होतं ना त्याच्या आगेमागेची चार वर्षं. मुलींचं हे साधारण अकरा-बाराच्या आसपास, मुलांचं वर्ष दोन वर्षं उशिरा. मुलींमध्ये अठराव्या वर्षापर्यंत ९० टक्के हाड बनून झालेलं असतं. पुढे आपण काय करतो, तर जे साठवलंय ते सांभाळतो, पाळी गेल्यावर ते भराभर कमी होतं. म्हणजे माझी लेक ज्या वर्षी "मी चहा घेते" म्हणायला शिकली ते नेमकं भरायचं वर्ष आहे!

आणि याच वर्षांत आपण मुलांच्या ताटावरून नजर काढतो, मला सगळ्यात जास्त हेच खुपतंय. बाळ सहा महिन्यांचं झालं की नाचणीसत्त्वाची केवढी धांदल, नाचणी भिजव, मोड आण, वाळव, दळ, वस्त्रगाळ कर. तेच घरात आजोबांना शुगर निघाली की पुन्हा नाचणीची भाकरी सुरू. आणि या दोघांच्या मधलं बारा वर्षांचं पोर? त्याला डब्यात सॉस-ब्रेड, संध्याकाळी क्लासच्या खाली वडापाव, रात्री दोन मिनिटांच्या नूडल्स. लसींचे डोस संपले की डॉक्टरकडे वजन-उंची बघायलाही आपण जात नाही, ताप आला तरच. मार्क मात्र दर युनिट टेस्टला बघतो.

हिशोब सांगते, मी वहीत मांडला होता. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १० ते १२ वयाला दिवसाला ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, १३ ते १५ ला १०००. गाईच्या १०० मिली दुधात साधारण १२०. लेकीच्या दोन कप चहातलं दूध, थोडी भाजी, डाळ, सगळं धरून मी कसंबसं ३५० पर्यंत पोचले. निम्मंसुद्धा नाही. आणि मला वाटत होतं आपल्या घरात सगळं नीट खातात.

आता "दूध पी, दूध पी" हे मी वर्षानुवर्षं ओरडतेच आहे. त्याने काही होत नाही हो. अमेरिकेत याच वयाच्या मुलांच्या आईवडिलांवर अभ्यास झालेत, त्यात सांगण्यापेक्षा घरात काय ठेवलंय, आईबाप स्वतः मुलांसमोर काय खातात-पितात आणि जेवताना कोल्ड्रिंकबद्दल घरात काही नियम आहे का, या गोष्टी महत्त्वाच्या दिसल्या. वाचलं आणि म्हटलं, आमच्या रविवारच्या जेवणाचंच वर्णन आहे हे. बिर्याणी केली की नवरा दीड-दोन लिटरची बाटली घेऊन येणार, प्रेमानेच आणतो बिचारा, पण मग ताक कोण घेणार? कोल्ड्रिंकचा मोठा तोटा हाच आहे की ते ताकाची, दुधाची जागा खातं.

दुसरं, आमच्या बायकांचं डाएट. मी मागच्या वर्षी वजन कमी करायचं म्हणून दूध बंद केलं आणि फोनवर सगळ्या मैत्रिणींना सांगितलं. लेक शेजारी बसून अभ्यास करत होती. महिन्याभरात ती म्हणाली, दुधाने जाडी होते ना? किती वाईट वाटलं मला. साय काढली म्हणून कॅल्शियम जात नाही, ते सायीखालच्या दुधातच असतं, एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती आणि मी घरभर चुकीचं पसरवत होते.

आणि दूध म्हणजेच कॅल्शियम असंही नाही. काही मुलांचं दुधाने खरंच पोट फुगतं, नाटक नसतं ते, त्यांना दही-ताक बहुतेक वेळा चालतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम, न सोललेल्या तिळात तर १२०० च्या वर, म्हणजे दोन चमचे तिळाची चटणीसुद्धा केवढं काम करते. आम्ही तीळ फक्त संक्रांतीला काढणार! मेथी, राजगिऱ्याचा पाला, शेवग्याचा पाला. पालकात असलं तरी ते शरीराला फार मिळत नाही, पालकातलंच ऑक्झलेट नावाचं द्रव्य त्याला अडवतं. आणि आपण कोकणातली माणसं, मांदेली कुरकुरीत तळून काट्यासकट खायची, सुकट, जवळा, हे सगळं आजीच्या ताटात होतं. मुंबईच्या फ्लॅटमध्ये वास येतो, सोसायटीतले बोलतात म्हणून आम्ही सुकट बंद केली. मला आता त्याचा राग येतो.

ऊन हवं तेही आलंच, ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम शरीर नीट घेत नाही, आणि काचेच्या बंद खिडकीतून आलेल्या उन्हाने ते बनत नाही. शाळा, तिथून थेट क्लास, अंधार पडल्यावर घरी. कधी मिळणार ऊन? याचं उत्तर माझ्याकडे अजून नाहीये, रविवारी सकाळी खाली खेळायला पाठवते एवढंच. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका, ते डॉक्टरला ठरवू द्या.

घरात काय बदललं? दूध अर्धा लिटर वाढवलं, महिन्याचा खर्च वाढलाय, तो क्लासच्या फीपेक्षा खूप कमी आहे. सकाळी मी माझा ग्लास भरते आणि टेबलावर बसून पिते, उभ्याउभ्या ओट्यापाशी नाही. पहिल्या दिवशी सासूबाईंनी पाहिलं, बोलल्या काही नाहीत, चौथ्या दिवशी त्यांनीच स्वतःसाठी अर्धा कप काढून घेतला. नवऱ्याशी बसून बोलले, त्याला वहीतला हिशोब दाखवला, त्याने ऐकलं, आता रविवारी तोच ताक घुसळतो आणि मुलगा बापाचं बघून दोन ग्लास पितो, माझ्या सांगण्यावरून त्याने कधी घोटभर घेतलं नव्हतं. लेक अजूनही दादाला आधी विचारते, तुला पुरलं का. ती सवय मोडायला वेळ लागणार, मलाच १८ वर्षं लागली.

शनिवारी दादरला जाऊन नाचणी आणि तीळ आणायचेत, दोन्ही संपलेत. लेकीला आंबील ताकातली आवडते, गुळातली नाही, पण माझ्या गुठळ्या होतात. तुमच्याकडे पीठ आदल्या रात्री ताकात भिजवतात की आयत्या वेळी कालवतात? सांगा जरा.