पन्नास रुपयांचा नारळ

काल इथे गोव्यात, डिचोलीच्या बाजारात नारळ विचारला. मध्यम साइजचा, म्हणजे पूर्वी हा कोण घेणार म्हणून बाजूला टाकायचे तसला, पन्नास रुपये. मी म्हटलं दोन घेते, नव्वदला दे, तर बाई म्हणते घे नाहीतर ठेव, संध्याकाळी हाच पंचावन्नला जातो. घेतला, एकच घेतला, आणि घरी येईपर्यंत बसमध्ये तो मांडीवर धरून बसले, मूल धरतात तसा. माझं मलाच हसू आलं, कारण माझ्या माहेरी परड्यात, म्हणजे घरामागच्या जागेत, नारळ पडून पडून त्यांना मोड यायचे आणि आम्ही पोरं ते फोडून आतला गोड गोळा खायचो, कुणी विचारायचंसुद्धा नाही.

पण पोस्ट नारळासाठी लिहायला घेतलेली नाही. त्याच संध्याकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला, समुद्राकडच्या एका हॉटेलातला मेनू. पेज, किसमूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर) आणि मिस्कूट (कैरीचं लोणचं), मातीच्या भांड्यात, साडेचारशे रुपये, वर टॅक्स वेगळा. खाली सगळ्यांचे बदाम आणि हात जोडलेले, आणि एका काकाने लिहिलंय की आपल्या आज्या किती शहाण्या होत्या, कमी खर्चात किती सकस खायच्या, आत्ताच्या बायकांना हे जमत नाही म्हणून महागाई महागाई करतात.

तर काका, तुम्ही मोठे आहात, ग्रुपवर उत्तर देत नाही, इथे लिहिते.

पेज म्हणजे काय ते आमच्या लोकांना सांगायला नको. उकडे तांदूळ, पाणी, मीठ. वाटीभर तांदळात चार माणसं सकाळी अकराला पोटभर जेवतात, पाचवा आला तर पाणी वाढवायचं. उकडा तांदूळ शिजायला वेळ फार घेतो, मांय (म्हणजे माझी सासू) चुलीवर मडक्यात ठेवायची आणि बाकीची कामं करत बसायची, मी कुकरला लावते, तीन शिट्ट्या काढून बंद करायचा आणि अर्धा तास झाकण उघडायचं नाही, आतल्या वाफेवरच शीत फुलतं. सिलिंडर साडेआठशेच्या वर गेल्यापासून हे असले शोध आपोआप लागतात. पेज चांगलीच आहे, मला आवडते, आजही आमच्याकडे रोज होते. माझं भांडण पेजेशी नाहीच, ती कुणी कधी आणि का खाल्ली हे विसरून जाण्याशी आहे.

आमचा एक टिप्पर, म्हणजे खनिज वाहायचा ट्रक, होता खाणीवर. ज्यांचं घर डिचोली साखळी सांगे केपे ह्या पट्ट्यात नाही त्यांना टिप्पर म्हणजे काय ते कळणार नाही, तो घरातला कमावता मुलगा असतो, कर्जावर घेतलेला. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने. त्याच वर्षी बजेटात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकलेला, लिटरमागे अकराएक रुपये उतरले होते आणि सगळा गोवा खूष, आमचा टिप्पर मात्र डिझेलवर आणि तोही दारात उभा. त्याच्यावर ताडपत्री घातली, पहिल्या पावसात ताडपत्रीत पाणी साचलं, दुसऱ्या वर्षी आमच्या कोंबड्या चाकाच्या मागे अंडी घालायला लागल्या. २०१४ ला बंदी उठली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून, आम्ही उत्साहाने टायर बदलले, त्याचं वेगळं कर्ज, आणि २०१८ ला कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या आणि १६ मार्चपासून परत सगळा शुकशुकाट. खाणी चांगल्या होत्या असं माझं म्हणणं नाही हां, शेतात लाल गाळ मीसुद्धा बघितलाय आणि विहिरीचं पाणीसुद्धा, तो विषय वेगळा, त्याच्यावर इथे कुणी भांडू नका.

सांगायचं हे की ती सहा-सात वर्षं आम्ही जे जेवलो ते आज त्या हॉटेलच्या मेनूवर आहे. फरक एवढाच की तेव्हा आम्ही ते कुणाला सांगत नव्हतो. पाहुणे आले की किसमूर झाकून ठेवायचो आणि शेजारून चार अंडी आणायचो. माझी लेक तेव्हा सातवीत, तिने एक दिवस डबा तसाच परत आणला, तायकिळ्याची भाजी होती, वर्गातली कुणी म्हणाली हे तर रस्त्याकडेचं गवत. आता तीच लेक पुण्याहून फोन करून विचारते आई तो तायकिळा कसा करायचा, इथे टाकळा म्हणून जुडी मिळते तीस रुपयाला. सांगितलं तिला. कोवळा पालाच घे, पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या महिनाभरातलाच, मग तो कडू होतो. बारीक चिरायचा, फोडणीला कांदा आणि मिरची, त्यात उकडलेल्या फणसाच्या बिया ठेचून, आमच्याकडे बिकणां म्हणतात, आणि वरून खोबरं. मे महिन्यात बिया मातीत घोळवून सुकवून ठेवल्या की पावसाळाभर पुरतात. पुण्यात बिया कुठून आणणार, म्हटलं डाळ घाल भिजवून.

आणि खोबरं थोडं कमी घाल, असं शेवटी म्हणाले. गोंयकार आई लेकीला खोबरं कमी घाल म्हणते म्हणजे बघा काय दिवस आलेत.

नारळाचं मांयचं शास्त्र मी तिच्याकडूनच शिकले. एका नारळाची एक कड, म्हणजे अर्धा भाग, एका दिवसाला, दुसरी कड उद्याला. खवताना करवंटीपर्यंत जायचं नाही, काळं येतं आणि हुमणाचा (माशाच्या आमटीचा) रंग जातो. रस काढायचा असेल तर पहिला जाड आपरोस शेवटी घालायला बाजूला, दुसऱ्या पातळ रसात भाजी शिजवायची, आणि उरलेला चोथा सुक्या भाजीत, नाहीतर कोंबड्यांना. करवंटी न्हाणीच्या चुलीत. सोडणं, म्हणजे वरची सालं, भांडी घासायला. ज्या दिवशी नारळ नाही त्या दिवशी फुटी कढी. सोलकढीचीच गरीब बहीण ती, सोलं (आमसुलं) पाण्यात भिजत घालून कुस्करायची, मीठ, किंचित साखर, लसूण मिरची ठेचून, कोथिंबीर, हिंगाची फोडणी दिली तर दिली. रस नाही, नारळ नाही, वाटण नाही, पाच मिनिटांत होते. आमच्याकडे ह्या जुलैत आठवड्यातून चार दिवस तीच आहे, आणि खरं सांगू, उकड्या भाताबरोबर मला ती सोलकढीपेक्षा जास्त आवडायला लागलीय.

नुस्त्याचं, म्हणजे मासळीचं, तर विचारूच नका. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, एकसष्ट दिवस, म्हणजे जे काही ताजं येतं त्याला हात लावायची सोय नाही. म्हणून सुकं. मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सुके बांगडे आणि सुकी सुंगटां (कोळंबी) आणली की जुलैपर्यंत निभतं. आमचे ख्रिस्ती शेजारी ह्या सगळ्या बेगमीला पुरुमेंत म्हणतात, पोर्तुगीज प्रोविमेंतो वरून आलेला शब्द. मे महिन्यात त्यांच्या आणि आमच्या अंगणात एकच वास, मिरच्या, सोलं, सुंगटां सगळं एकाच उन्हात. किसमुरीला सुंगटां तव्यावर कोरडी भाजून हातानेच चुरायची, कच्चा कांदा, खोबरं, तिखट, हळद, चिंचेचा कोळ, चमचाभर खोबरेल तेल, झालं. भाजताना खिडक्या उघड्या ठेवा एवढंच.

आता हे सगळं वाचून कुणाला वाटेल व्वा किती स्वस्तात होतं. होतं ना. पण हिशेबात काय धरलं नाही ते बघा. चार दिवस अंगणात बसून कावळे हाकणं धरलं नाही. ढग आला की धावत जाऊन सूप-चटया आत घेणं धरलं नाही. बिया मातीत घोळवणं, सोलांना सात-आठ वेळा रस लावून लावून वाळवणं, तायकिळा निवडणं, त्यात अर्धा तास जातो आणि शिजून मूठभर होतो, हे कुणी धरलं नाही. आमच्या घरात काटकसर नवऱ्यानेही केली, तो आता बालरथावर, म्हणजे शाळेच्या बसवर, ड्रायव्हर आहे, त्याने सिगरेट सोडली, जुनी स्कूटर अजून चालवतो, मी त्याला कमी लेखत नाही. पण त्याची काटकसर म्हणजे काहीतरी सोडणं आणि माझी म्हणजे काहीतरी जास्तीचं करणं. कमी पैशात तेवढंच जेवण ताटात यायला मधे जे अंतर पडतं ते बाईच्या कंबरेने भरून काढलेलं असतं. काकांच्या आजीला विचारलं असतं तर तिने पेज किती सकस ते सांगितलं नसतं, कंबर दाखवली असती.

माझी आजी साखळीची. भारताने पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याची नाकेबंदी केली तेव्हाच्या, १९५५ च्या सुमाराच्या गोष्टी ती सांगायची, बाजारात हॉलंडचे बटाटे यायचे. आम्ही पोरं हसायचो, हॉलंडचे बटाटे आणि खायला आमची आजी! ती काही ते जुने चांगले दिवस म्हणून सांगायची नाही, शिवी हासडून सांगायची.

आणि अजून एक, जे मला स्वतःलाच उशिरा कळलं. आम्ही त्या वर्षांत निभावलो त्याचं क्रेडिट मी बरीच वर्षं स्वतःला देत होते, मी कसा संसार सांभाळला वगैरे. पण परड्यात सहा माड होते. विहीर होती. फणस होता, सोलांचं झाड होतं, मागे न्हाणीची चूल आणि माडाची पडलेली चुडतं (झावळ्या) होती जळणाला. (तेव्हाचे माड आता म्हातारे झालेत, जे धरतात त्यातलं अर्धं माकडं पाडतात आणि माडावर चढून नारळ काढणारा पाडेली मिळत नाही, म्हणून मी बाजारात.) म्हणजे पैसा नव्हता पण बाकी बरंच होतं, त्या जोरावर काटकसर केली. काटकसर करायलाही हातात काहीतरी असावं लागतं.

आमच्या मागच्या खोलीत गेल्या वर्षापासून एक कुटुंब भाड्याने राहतं, गदगकडचं, दोघंही बांधकामावर जातात. ती मला अक्का म्हणते. एक खोली, बाहेर चार फूट पडवी. ती तेल आणते दहा रुपयांच्या पुडीतलं, कारण एकदम लिटरचे पैसे हातात नसतात, आणि महिन्याचा हिशेब केला तर माझ्यापेक्षा महाग तेल ती खाते. गॅस छोट्या सिलिंडरचा, तो किलोमागे आमच्यापेक्षा महाग पडतो. साठवून काय ठेवणार, उंदीर आणि ओल, आणि ठेवायला जागा कुठे. मे महिन्यात स्वस्त मिळतं ते मे महिन्यात घेऊन ठेवायचं ही एवढी साधी गोष्ट तिला जमत नाही, आणि ती माझ्यापेक्षा दसपट हिशेबी बाई आहे. आता काकांनी तिला सांगावं पुरुमेंत कर म्हणून.

मी एकदा तिला मोठेपणाने तायकिळा दाखवायला गेले, म्हटलं हे बघ फुकट उगवतं, तर ती हसायला लागली. म्हणे अक्का, संध्याकाळी सातला येते, निवडू कधी? आणि मग मलाच गरम ज्वारीची भाकरी दिली, वर शेंगाची चटणी आणि कच्चा कांदा. मी तिथेच दारात बसून खाल्ली. तिच्या जेवणात नारळ नावालासुद्धा नाही, माझं हे पन्नास रुपये पन्नास रुपये तिला बहुतेक कळणारच नाही. शेंगदाणे किलोला किती झाले ते मात्र तिने मला न विचारता सांगितलं.

चवथ आता महिन्या-दीड महिन्यावर आलीय. नेवऱ्या (करंज्या) करायच्या तर नारळ लागणार, त्याला काही फुटी कढी चालत नाही, गणपतीला काय सांगणार महागाई आहे म्हणून. त्याचे पैसे मी डब्यात वेगळे ठेवायला लागलेय.

आणि बसमधून मांडीवर आणलेला तो नारळ. आज सकाळी फोडला, पाणी ओतलं तेव्हाच वास आला, आत एका बाजूने पिवळा पडलेला, नासका. पन्नास रुपये! मी तो तसाच परड्यात भिरकावणार होते तेवढ्यात मांय आतून, "उडोव नाका गो, दिव्याक तेल जाता." (टाकू नको गं, दिव्याला तेल होतं.) ऐंशीच्या पुढे वय, खाटेवरून उठवत नाही, पण नारळ फुटल्याचा आवाज बरोबर ऐकू येतो. आता ह्या पावसात तो वाळवणार कुठे, म्हणून न्हाणीच्या चुलीवरच्या फळीवर ठेवलाय दोन्ही कडी उताण्या करून. जेवायला फुटी कढीच केली. वास अख्ख्या घरात पसरलाय, नवरा दोनदा विचारून गेला काय मेलंय म्हणून.